आजींच्या नाकाची नळी

मी डॉक्टर नाही. ऑपरेशन थिएटर तंत्रज्ञाच्या अभ्यासक्रमाला आहे, आणि आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. लिहायला बसलो हा आगाऊपणाच झाला. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

गोंदियाच्या एका दवाखान्यात मी काम शिकत होतो, तेव्हा केशोरीकडच्या एक आजी आल्या. खोकल्यातून रक्त पडत होतं. कॅन्सर आहे की दुसरं काही, हे कळायला घशातून दुर्बीण घालून फुप्फुसाचा बारीक तुकडा काढायचा होता. गुंगीच्या औषधाने श्वास मंदावतो, त्यात दुर्बीण वाट अडवते. म्हणून आधीपासून नाकाला ऑक्सिजनची नळी लागते. आजींनी ती ओढून फेकली.

"काऊन आजी?"

"हे नळी लावली का माणूस वापस येत नाही, बाबू. कोरोनात माया बुढ्याले लावली होती." बुढा म्हणजे त्यांचा नवरा.

दारातून त्यांचा मुलगा ओरडला, "लावून घे ना व माय! किती नखरे करतेस?"

"तू लाव मंग तुया नाकाले!"

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, नळीशिवाय गुंगी देणार नाही, आणि जबरदस्तीही करणार नाही. मी एका नव्या नळीचं पाकीट फोडलं, ऑक्सिजन सुरू करून ती स्वतःच्या नाकाला लावली आणि आजींसमोर स्टुलावर बसून राहिलो. त्या निरखत होत्या.

"कसा लागते?"

"थंडा वारा येते. नाक सुकते थोडं."

"अन् जिता आहेस?"

"सध्या त आहो, आजी."

त्या हसल्या, हसता हसता खोकल्या, आणि नाक पुढे केलं.

दुर्बीण आत गेल्यावर पडद्यावरचा ऑक्सिजनचा आकडा पाहणं माझ्याकडे होतं. पंच्याण्णव. एक्क्याण्णव. मग सत्त्याऐंशी. नव्वदच्या खाली धोका असतो; मी आकडा मोठ्याने सांगितला. मॅडमनी लगेच दुर्बीण मागे घेतली. शिकवल्याप्रमाणे मी आजींचा जबडा पुढे उचलून धरला. "आजी, दम घ्या, लंबा!" छाती हलली. आकडा हळूहळू चढला. तुकडा मग थांबत थांबत काढला.

आजी संध्याकाळी चालत जाऊन गाडीत बसल्या, तेवढं मी पाहिलं. पुढचं मला कोण सांगणार? विचारायचाही संकोच वाटायचा. पावसाळ्यात भाताची रोवणी सुरू झाली तेव्हा औषधांच्या खिडकीशी त्यांचा मुलगा दिसला. त्यानेच हाक मारली.

"टीबी निघाला भाऊ, कॅन्सर नाही. गोळ्या चालू आहेत. बुढी धानाच्या बांधीत उतरतो म्हणते, आम्हीच घरी बसवून ठेवलो तिले."