अंकुशकाकांचा जड क्लच

क्लचच्या वायरीत माशाचं तेल ओतायची कल्पना केदारची, संपूर्णपणे त्याची एकट्याची. पुढे बरेच दिवस त्याने ती जमुनामावशीच्या नावावर खपवली, पण मावशीने फक्त बाटली दिली होती. सातपाटीहून मासळी घेऊन येणारी जमुनामावशी बोईसरला केदारच्या गॅरेजला लागूनच टोपली मांडून बसते. तिच्या सासऱ्याच्या काळात बोटीच्या लाकडाला हे तेल फासायचे, म्हणजे खारं पाणी लाकडात शिरत नसे. केदारने पालघरच्या आयटीआयमध्ये दोन वर्षं काढली होती आणि तिथे डोकं चालवायला शिकवतात असा त्याचा समज होता. इकडच्या खाऱ्या वाऱ्याने क्लचची वायर वर्षभरात गंजते. तेलाने बोट वाचते तर वायर का नाही वाचणार? त्याने वायरीचं वरचं टोक सोडलं, कागदाचं नरसाळं केलं आणि अर्धी बाटली आत सोडली.

गाडी होती जवळच्या पाम गावच्या अंकुशकाकांची. जुनी बुलेट, गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असलेली, टाकीवरचा रंग गुडघ्यांनी घासून उडालेला. काकांनी सव्वीस वर्षं तारापूरच्या एका कापड कारखान्यात काढली. तो बंद पडल्यावर वाडीत सोनचाफा लावला. रोज सकाळी फुलांच्या दोन पिशव्या हँडलला अडकवून ते बोईसरच्या बाजारात यायचे. पामात कुणाला साप चावला, कुणाच्या पोटात कळा आल्या, की आधी काकांच्या दारावर थाप पडायची. आजाऱ्याला मध्ये बसवायचं, मागे एक धरणारा माणूस आणि पुढे काका. अशी किती माणसं त्यांनी दवाखान्यात पोचवली त्याचा हिशेब त्यांना विचारला तर म्हणायचे, "मेली तेवडी लक्षात हायत. दोन."

तेल घातल्यावर चार दिवस क्लच लोण्यासारखा चालला. काकांनी केदारला चहा पाजला. मग तेल आतल्या आत वाळून डिंक झालं. दरम्यान गाडी उभी केली की पामची मांजरं तिच्याभोवती ग्रामसभा भरवू लागली.

"केदार, क्लच हाय का दगुड?" काका मनगट चोळत म्हणाले. "बोटं बधिर व्हतात माजी."

"वय झालं काका. स्कूटी घ्या आता. काकूंना पुढे बसवा, तुम्ही मागे."

"तुज्या लग्नात घेईन. म्हंजे घ्यायचीच नाय."

केदारने वायर उघडली आणि गुपचूप गटारात टाकली. नवी वायर स्वतःच्या खिशातून घातली. तिला टाकीखाली कुठे तीव्र वळण पडणार नाही अशी बेताने फिरवली. मग त्याने जमुनामावशीचा मासळी तोलायचा लटकता काटा पुन्हा आणला, हँडलवरच्या लिव्हरला अडकवला आणि ओढला. जुनी वायर काढण्यापूर्वी लिव्हर ओढायला अकरा किलो लागले होते, आता साडेआठ. "तुमच्या बोटांचे अडीच किलो वाचवले, पापलेटाच्या भावाने विकले तर किती होतील बघा," तो म्हणाला.

काका महिन्याने पुन्हा आले. क्लच जडच होता.

तेव्हा केदारला वाटलं, हे आपल्या तेलाचंच पाप. थोडं तेल खाली झिरपून गिअर बॉक्सकडच्या सांध्यात बसलं असणार. त्याने तो सांधा खोलला, घासला, ग्रीस लावलं. काका थोडे दिवस बरं म्हणाले, मग नाही म्हणाले. केदारने गिअर बॉक्सवरच्या आर्मला दोन बोटं लांब पट्टी वेल्ड केली. लिव्हर साडेपाच किलोवर आली, पण आता ती कमी सरकायची, क्लच पुरता सुटायचा नाही आणि पहिला गिअर टाकताना आतून खडखडाट व्हायचा. काका म्हणाले, "आवाज झाला तरी चालंल. हलकी कर." मग केदारने आतल्या स्प्रिंगाच बदलल्या, नरम टाकल्या. काटा चारवर आला. चार किलो! पण एवढ्या नरम स्प्रिंगांवर क्लच घसरायला लागला. बोईसरच्या पुलावर चढताना इंजिन बोंबलायचं आणि गाडी जागची हलायची नाही, मागच्या रिक्षा हॉर्न मारायच्या. क्लचच्या प्लेटा नव्या टाकल्यावर ते घसरणं थांबलं, काटा चारवरच राहिला.

या सगळ्यात सहा-सात महिने गेले. त्या महिन्यांत काकांच्या हातून फुलांची पिशवी एकदा बाजारात पडली. शर्टाची बटणं नलूकाकू लावून द्यायला लागल्या, दारात उभं करून. केदारने ते पाहिलं होतं. "या वयात नवा संसार मांडलाय वाटतं," असं तो मोठ्याने म्हणालाही होता आणि काकू लाजून आत पळाल्या होत्या.

शेवटी काका आले ते गाडी ढकलत. शेजारी काकू, फुलांच्या पिशव्या त्यांच्या हातात.

"जड हाय," काका म्हणाले. एवढंच.

केदारचं डोकं सणकलं. "काका, चार किलोवर आणलाय! याच्या खाली गेलो तर क्लच उरतच नाही. मावशी, इकडे ये. दाब बघू."

जमुनामावशीने हात लुगड्याला पुसला आणि दोन बोटांनी लिव्हर आत ओढली. सोडली. पुन्हा ओढली. "ह्याला जड म्हणतंस, अंकुशभाव? याच्यापेक्षा माजी रिकामी टोपली जड हाय." ती हसली आणि काकांच्या तोंडाकडे बघून थांबली.

केदारने काकांचा डावा हात धरला, हँडलच्या मुठीवर ठेवला, लिव्हर थोडी जवळ घेऊन बघू म्हणून. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये जिथे मांस असतं तिथे खळगा होता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकडीच राहिली होती, सरळ होईनात.

"हे कधीपासून?"

"तू तेल घातलंस ना," काकू म्हणाल्या, "त्याच्या थोडं आदीपासून. तवापासून बोटं बधिर व्हतात बोलायचे. आमाला वाटलं गाडीमुळं."

पालघरच्या डॉक्टरने नसांची तपासणी करायला वापीला पाठवलं. कोपरात नस दाबली गेली होती. वापीचे डॉक्टर चांगले होते, त्यांनी खुर्ची ओढून नीट समजावलं. ऑपरेशन करू, पण ते पुढचं नुकसान थांबवायला. हातातलं जे मांस गेलं ते परत यायची आशा फार नाही. किती दिवसांपासून त्रास आहे? केदार बरोबर गेला होता, काकूंना तिकडचं कळत नाही म्हणून. त्याने सांगितलं, आठ-नऊ महिने. डॉक्टर म्हणाले, "सुरुवातीलाच आला असतात तर..." आणि लिहायला लागले.

परतीच्या गाडीत काका खिडकीबाहेर बघत होते. वापी बरंच मागे पडल्यावर ते म्हणाले, "म्हंजे क्लच बरोबर होता तुजा."

केदारला ही शाबासकी कुठे ठेवावी कळेना.

ऑपरेशन झालं. बोटांतला बधिरपणा थोडा गेला, मूठ मात्र वळत नाही. चाफा आता काकू एकट्या तोडतात आणि शेअर रिक्षाने बाजारात नेतात. फुलं चेंबतात, व्यापारी तोंड वाकडं करतो. मागच्या महिन्यात पामच्या एका पोराला साप चावला तेव्हा लोक सवयीने काकांच्या दारात आले. काका उठले, चप्पल घातली, अंगणापर्यंत गेले. मग कुणीतरी टेम्पोवाल्याला फोन लावला. पोर वाचलं. काका चप्पल पायात तशीच ठेवून ओट्यावर बसून राहिले, असं काकूंनी सांगितलं.

गाडी केदारच्या गॅरेजात उभी आहे. विकायचं कुणी बोलत नाही आणि न्यायलाही कुणी येत नाही. गणपतीआधी काका रिक्षाने एकदा आले होते, स्टुलावर बसले, गाडीकडे न बघता म्हणाले, "दातिवऱ्याला माजी बहीण हाय. जाग्यावरून उठत नाय आता. तू चालव, मी मागं बसंन. मला तेवडं घेऊन जा एकदा."

"रविवारी," केदार म्हणाला. "पक्का."

"तुला धरून बसावं लागंल मला. ह्या हातानं धरवत नाय, उजव्यानं धरीन."

"धरा की."

तो रविवार गेला. त्यानंतरचे पाच गेले. एकदा पाऊस होता, एकदा मामाकडे साखरपुडा, बाकीच्या वेळी काहीच नव्हतं. केदार रोज शटर उघडतो, गाडीवरची धूळ पुसतो आणि दोन बोटांनी लिव्हर ओढून बघतो. अजून चारच किलो.

काल सकाळी नलूकाकूंचा फोन आला. "केदार, ह्ये नवा सदरा घालून बसलेत. येतोस ना रे आज?"

केदारने गाडीकडे पाहिलं. टाकी भरलेली होती, चाकांत हवा होती, बॅटरी ठीक होती.

"काकू, वायर मागवलीये," तो म्हणाला. "जुनी जड चालतेय. वायर आली की लगेच नेतो."