धनसिंग नाकेदाराचं सोनं

जंगल खात्यातली नोकरी संपून फंडाचे पैसे हाती आले, तसं धनसिंग नाकेदाराचं जेवणावरचं लक्ष उडालं. नोटा त्याने पेटीत ठेवल्या, मग ज्वारीच्या कणगीत, मग परत पेटीत. त्याचा बाप बैलांवर मीठ लादून गावोगाव पोचवायचा. रस्ते झाले, मोटारी आल्या, आणि बापाचे बैल एकेक करून बाजारात गेले. चालता धंदा असा बसलेला धनसिंगने लहानपणी पाहिला होता. तेव्हापासून त्याला कशाचाच भरवसा वाटत नसे.

त्याची बायको रामीबाई म्हणाली, "कोरडवाहू वावर हाय आपलं. विहीर खांदा."

"अन् पाणी नाई लागलं त? सोनं घेतो. म्हातारपणी कामी येईन. त्याले वाळवी लागत नाई."

बासष्ट सालच्या दिवाळीनंतर तो झरीकडच्या आपल्या तांड्यावरून पांढरकवड्याला गेला. रामलाल सोनाराकडून त्याने शुद्ध सोन्याची लगड घेतली. घडणावळ कशाला द्यायची, म्हणून दागिना केला नाही. लगड करंगळीपेक्षा लहान होती, पण ती घरात आली आणि धनसिंगचं बाहेर जाणं सुटलं. लग्नाला गेला तर पंगत उठायच्या आत परत यायचा. चुलीमागची जमीन त्याने इतक्यांदा उकरली, की रामीबाई सारवून थकली.

दोन-तीन महिने गेले नाहीत तोच सोन्याचा नवा कायदा आला. दागिना नसलेलं सोनं सरकारला कळवायचं आणि चौदा कॅरेटच्या वर नवा दागिना घडवायचा नाही, असं बाजारातून कानावर आलं. धनसिंग तडक रामलालकडे गेला. दुकान बंद होतं. रामलाल पलीकडे बाजारात कांदे तोलत बसला होता.

"रामलालभाऊ, माह्या लगडीच्या पाटल्या करून दे."

रामलालने तराजू खाली ठेवला. "कायच्या पाटल्या, नाकेदार? बाप-आज्याचा धंदा गेला माहा. हात लावला त जेलात जाईन. तुमी तहसिलीत इचारा."

तहसिलीतल्या कारकुनाने वजन विचारलं आणि इतक्या सोन्याला काही कळवायची गरज नाही म्हणून सांगितलं. धनसिंग पायऱ्या उतरला, परत चढला आणि तेच पुन्हा विचारून आला.

मग भाव पडू लागला. पुढच्या वर्षी तो जवळजवळ अर्ध्यावर आला. तोपर्यंत रामीबाईने लगड आपल्या घागऱ्याच्या नेफ्यात शिवून टाकली होती. ती निंदायला निघाली की धनसिंग धुऱ्यावर, वावराच्या कडेला, जाऊन बसायचा.

"विकून टाकू," तो एक दिवस म्हणाला. "उरलं हाय तेवढं तरी वाचंन."

"देत नाई."

"पैसे माह्या नोकरीचे हायेत."

रामीबाई विळा घेऊन उठली. "तुमी जंगलात होते, तवा वावर कोनं केलं? घेतलं तवा मले इचारलं नाई. आता मी म्हनीन तवाच विकाचं. अन् माह्या मागं मागं फिरू नोका, बाया हासतात."

मग धनसिंगने धुऱ्यावर जाणं सोडलं. घरातही बसवेना. शेवटी एका ठेकेदाराकडे तेंदूपत्त्याच्या फडीवर, पानं गोळा व्हायची तिथे, तो राखणीला राहिला. तिथे पानांचे पुडे मोजताना लगड दुपार-दुपार त्याच्या मनात येत नसे. पण बाजाराच्या दिवशी भाव विचारल्याशिवाय तो परतत नसे.

कायदा सैल झाला, रामलालने पुन्हा शेगडी पेटवली. अडुसष्टमध्ये भाव घेतल्या किमतीच्या वर गेला. धनसिंग आणखी थांबू म्हणत होता. रामीबाईने नेफा उसवला आणि लगड त्याच्या तळहातावर ठेवली.

"आता विका. पैसे इकडं तिकडं ठेवाचे नाई. उद्याच खांदनारे बोलवा."

विहिरीला पाणी लागलं, फार नाही, पण लागलं. रामीबाईने एका तुकड्यात मिरच्या लावल्या. धनसिंग सकाळी उठला की आधी विहिरीवर जायचा, आणि रात्रीतून पाणी किती उतरलं ते वाकून वाकून पाहायचा.