आभाळात गेलेल्यांची काळजी

या घडीला जगात जेवढी माणसं घराबाहेर असतील, त्या सगळ्यांची काळजी करण्याचं काम माझ्या सासूबाईंकडे आहे. हे काम त्यांना कोणी नेमून दिलं, हे विचारायची सोय नाही. शिरड शहापूरच्या आपल्या ओसरीवर बसून त्या ते इतक्या निष्ठेनं करतात, की त्यांनी एखाद्या दिवशी सुट्टी घेतली तर निम्म्या मराठवाड्यातल्या गाड्या रस्ता सोडतील, अशी शंका आता मलाही येऊ लागली आहे. मी त्यांना मामी म्हणतो. आम्ही हिंगोलीला परत निघालो की मामी फाट्यापर्यंत सोडायला येतात, एसटी थांबली की खिडकीशी जाऊन ड्रायव्हरला विचारतात, "जेवलात का? झोप झाली का बराबर?" एकदा एका ड्रायव्हरनं गमतीनं सांगितलं, "न्हाई झाली मावशी, काय करता!" मामींनी आम्हा नवराबायकोला तर खाली उतरवलंच, शिवाय ज्यांचा आमच्याशी काही संबंध नव्हता अशा एका म्हाताऱ्या जोडप्यालाही उतरवलं आणि घरी नेऊन जेवू घातलं. टीव्हीवर बातम्या सांगणाऱ्या मुलीचा आवाज बसलेला वाटला, तर दुसऱ्या दिवशी ती पुन्हा दिसेपर्यंत मामींचं चित्त थाऱ्यावर नसतं.

अशा बाईच्या डोळ्यांपुढे खाजगी रॉकेटात बसून आभाळात फिरायला जाणारी पैसेवाली माणसं यायला नको होती. पण ती आली. आम्ही जेवत होतो आणि टीव्हीवर हसरे, हात हलवणारे लोक एकेक करून रॉकेटात शिरत होते. माझा मेव्हणा, म्हणजे मामींचा मुलगा, तोंडात घास असतानाच चिडला. "पैसा उतू गेला की माणूस असा उडतो. इथं उपकेंद्रात डॉक्टर सापडत न्हाई, अन् हे घडीभर वर जाऊन माघारी येऊन राहिले. काहून? तर गंमत!" मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे मलाही बोलायला जोर चढला. यातून नवं काही कळत नाही, हे संशोधन नसून श्रीमंतांची जत्रा आहे, वगैरे मी बराच वेळ सांगितलं. रॉकेट उडालं, आणि नेमकी तेव्हाच जाहिरात लागली. मामींच्या हातातला घास तसाच राहिला.

"ते समदं खरं असंल," त्या म्हणाल्या, "पण खाली आले का ते?"

"येतील हो मामी."

"येतील न्हाई. आले का? आधी खाली येऊ द्या त्यांला, मग काय शिव्या द्यायच्या त्या द्या."

मी मोबाइलवर शोधून ती मंडळी जमिनीवर उतरल्याचं दाखवलं, तेव्हा कुठे तो घास तोंडात गेला. तेव्हापासून जगात कुठेही कोणी वर गेलं की मामींचं अन्न अडकायचं. मेव्हण्यानं शेवटी जेवणाच्या वेळी बातम्या लावणंच बंद केलं.

पण दिवाळीच्या सुट्टीत आम्ही शिरडला असताना बातमी स्वतःच घरी आली. सकाळी गावाबाहेर एकच गलका झाला. मेव्हण्याच्या शेताला लागून असलेल्या हळदीच्या रानात आभाळातून काहीतरी उतरलं होतं. जाऊन पाहतो तर कमरेइतक्या उभ्या हळदीत पांढरं पॅराशूट पसरलेलं आणि त्याच्या टोकाला एक गोल, पांढरी, लहानशा मोटारीएवढी खोली कलंडलेली. तिला खिडकी होती. माणसं हळद तुडवत चारी बाजूंनी फोटो काढत होती. कोणी म्हणत होतं शत्रूचं विमान आहे, कोणी म्हणत होतं उपग्रह आहे. एवढ्यात खिडकीला डोळा लावलेला एकजण ओरडला, "आत माणूस हाय! मेलाय!"

मामी कधी घरातून निघाल्या आणि कधी पोचल्या, कळलं नाही. पायात चप्पल नव्हती. गर्दीला कोपरानं सारत त्या खिडकीपाशी गेल्या. आत खरंच केशरी कपडे आणि डोक्यावर टोप घातलेला एक इसम खुर्चीला पट्ट्यांनी बांधलेला होता आणि त्याची मान खांद्यावर पडली होती.

"अगं माय! मान बघा कशी टाकलीय त्यानं! फोटो काय काढून राहिलात, दार काढा!"

मी दारावरचं इंग्रजी वाचून म्हणालो, "मामी, हात लावू नका असं लिहिलंय यावर."

"लिहिणाऱ्याचं लेकरू आत असतं तर लिहिलं असतं का त्यानं?" आणि त्या दोन्ही तळव्यांनी खिडकी वाजवू लागल्या. "ए बाबा! ए लेकरा! डोळे उघड. आमी आलोय, भेऊ नको."

दार काही निघेना. आत काय असेल या भीतीनं निम्मे लोक मागे सरकले होते. मीही सरकलो होतो. कोणीतरी उपकेंद्रातल्या नर्सला, वैशालीताईंना, बोलावून आणलं. त्यांनी खिडकीतून बॅटरी मारली, बराच वेळ पाहिलं आणि वळून म्हणाल्या, "काकू, हा माणूस न्हाई. बाहुलं हाय. कापडाच्या दुकानात साडी नेसवून उभं करतेत, तसलं."

सगळं रान हसलं. मामी मात्र बांधावर बसल्या आणि पदर तोंडाशी धरून हमसून हमसून रडायला लागल्या. "बरं झालं माय, बरं झालं," एवढंच म्हणत होत्या.

दुपारी हैदराबादेकडून जीप आल्या. एका कंपनीची माणसं होती. मोठ्या थोरल्या फुग्याला ही खोली बांधून, दिवसाही आभाळ काळं दिसतं तिथपर्यंत हौशी प्रवाशांना न्यायचा त्यांचा बेत होता, आणि चाचणीसाठी माणसांविना सोडलेली ती वाऱ्यानं भरकटून आमच्याकडे आली होती. त्यांच्यात मराठी बोलणारी एकच होती, अमृता नावाची सडपातळ, चष्मेवाली इंजिनियर. मेव्हण्यानं तिला गाठलं, मीही तोंडसुख घेतलं. ती बिचारी ऐकून घेत होती. तेवढ्यात मामी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.

"बाई, हे बाहुलं बराबर उतरलं ना खाली?"

"हो आज्जी, अगदी व्यवस्थित."

"मग तेच पाठवत जा की. माणूस काहून बसवायचा त्यात?"

आमच्या सगळ्या वादात हा प्रश्न आम्हा कोणालाच सुचला नव्हता. अमृतानं तांब्या खाली ठेवला. "आज्जी, वर काय दिसलं ते बाहुल्याला विचारलं तर ते सांगेल का?"

मामींनी तांब्या उचलून घेतला. मग हळूच विचारलं, "पहिल्यांदा कोण बसणार?"

"मी. आणि आमचा एक पायलट."

"तुझ्या मायला ठावं हाय?"

"हो," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिची नजर खाली गेली. "ती बोलत नाही माझ्याशी नीट, तेव्हापासून."

त्या दिवशी अमृता मामींच्या घरी जेवली आणि जाताना मामींनी तिचा नाही, तिच्या आईचा फोन नंबर मागून घेतला. श्रीगोंद्याकडच्या त्या बाईंना मामींनी काय सांगितलं कोणास ठाऊक, पण पुढे दर दोन-चार दिवसांनी त्या दोघींचं बोलणं व्हायचं. उड्डाण वाऱ्यासाठी सारखं पुढे ढकललं जायचं आणि मामींचा मला सकाळीच फोन यायचा, "जावईबापू, हैदराबादेत वारं कसंय?" मी वर्गात असलो तरी सांगावं लागायचं. त्यांचं वजन उतरलं. माझी बायको रागावली, "ती कोण, कुठली, तिच्यासाठी काय जीव जाळून घेतेस?" तर म्हणाल्या, "तुमी न्हाई जाळत म्हणून."

अखेर फेब्रुवारीतल्या एका रविवारी वारं पडलं. आम्ही मुद्दाम शिरडला गेलो होतो. मामींनी पहाटेच अंघोळ केली होती. फोन स्पीकरवर होता, पलीकडे अमृताची आई. कंपनीचा एक मुलगा त्यांना निरोप पाठवत होता आणि त्या ते वाचून दाखवत होत्या. निघाले. चढताहेत. वर पोचले. उतरायला लागले. आणि मग निरोप यायचे थांबले.

बराच वेळ गेला. पलीकडून आवाज फुटला, "मी जाऊ द्यायला नको होतं हो तिला. पाय धरायला हवे होते मी तिचे." मेव्हण्यानं माझ्याकडे पाहिलं. आता मामींना सावरावं लागणार म्हणून आम्ही दोघं पुढे सरकलो. पण मामी सावकाश, चूल पेटवताना बोलावं तशा आवाजात म्हणाल्या, "अमृता चालायला कवा लागली हो?"

"अं?"

"लहानपणी. कवा लागली चालायला?"

मग त्या बाई सांगू लागल्या. उशिरा लागली, बसूनच सरकायची, एकदा सरकत सरकत गोठ्यात गेली. "मग?" मामी म्हणाल्या. मग म्हशीच्या पायाशी झोपलेली सापडली. "अन् शाळेत?" मामी विचारत राहिल्या. रडली का, डबा खायची का, काय आवडायचं. मेव्हणा दाराला टेकून ऐकत होता. जन्मभर जिनं दुसऱ्यांचा घोर लावून घेतला, ती बाई त्या सकाळी एका अनोळखी आईचा धीर ओंजळीत धरून बसली होती.

निरोप आला तेव्हा श्रीगोंद्याच्या बाईंनी तो वाचूनही दाखवला नाही. नुसत्या "आली! आली!" असं ओरडल्या आणि फोन बंद झाला. बिदरकडच्या कुठल्याशा माळावर दोघं सुखरूप उतरली होती. मामी उठल्या, "चहा टाकते," म्हणून आत गेल्या. खूप वेळ नुसता लायटरचा टकटक आवाज येत राहिला, म्हणून मी डोकावलो. त्या लायटर दाबत होत्या, पण गॅसचं बटणच फिरवलेलं नव्हतं. मी गॅस पेटवला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी अमृताचा फोन आला. "आज्जी, भर दिवसा आभाळ काळं होतं. आणि खाली आपलं सगळं इतकं निळं, इतकं पातळ दिसत होतं, की मला बोलताच येईना."

"भेव वाटलं का?"

"वाटलं."

"आईला सांगितलंस?"

"तिला आधी सांगितलं."

"मग बरं केलंस," मामी म्हणाल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदा जेवायला बसल्या.

हे सगळं कशासाठी, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. मेव्हणा म्हणतो जत्राच आहे, आणि उपकेंद्रात डॉक्टर अजून नाही, हे त्याचं म्हणणं मला खोडता येत नाही. फक्त आता आम्ही वाद जरा हळू आवाजात घालतो. मामी थकल्या आहेत. गुडघे धरतात, ओसरीवरून फारसं उठवत नाही. येत्या हंगामात पैसे भरलेले पहिले प्रवासी वर जाणार आहेत असं अमृतानं कळवलं, तेव्हा मामींनी त्यांची नावं विचारली. "नाव ठाऊक नसताना काळजी कशी करावी माणसानं?" पण नावं सांगायची नाहीत असा कंपनीचा नियम आहे म्हणे. मामी दोन दिवस हिरमुसल्या होत्या. मग त्यांनी स्वतःच त्या न पाहिलेल्या श्रीमंतांची नावं ठेवून टाकली. एकाचं भास्कर, एकीचं सुमन.

परवा गावात गारठा वाढला होता. सकाळी मामींचा फोन आला. आवाज बारीक झाला होता, मध्ये मध्ये दम लागत होता. मी तब्येतीचं विचारलं, त्यांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

"जावईबापू, त्या कंपनीला एक सांगता का? वर लई थंडी असती म्हणतेत. सुमनला अंगावर काहीतरी जाड द्या म्हणावं. तिला सोसत न्हाई हो थंडी."