पुलाच्या अलीकडची अदी

अदीला उल्हासनगरच्या बाहेर पाऊल टाकताना मी कित्येक वर्षं पाहिलं नाही. आमचं घर कॅम्प पाचच्या टोकाला, जुन्या गावठाणात. तिथून थोडं चाललं की नाल्यावरचा पूल लागतो आणि पुलापलीकडे अंबरनाथ सुरू होतं. सोमवारी संध्याकाळी आई आणि मी शिवमंदिरात निघालो की अदी आमच्याबरोबर गप्पा मारत पुलापर्यंत यायची आणि तिथे थांबायची. पहिल्यांदा आईने तिचा हात धरून ओढलं, तेव्हा ती म्हणाली, “ना भाभी, माझ्या व्हिसावर उल्हासनगर लिहिलंय. अंबरनाथ नाही लिहिलं.” मग आणलेली बेलाची पानं आईच्या ओंजळीत द्यायची, देवळाच्या दिशेने हात जोडायची, आणि आम्ही परत येईपर्यंत रसवाल्याच्या बाकड्यावर बसून राहायची.

सिंधीत मोठ्या बहिणीला अदी म्हणतात. तिचं खरं नाव दुसरंच होतं, पण कॅम्पातल्या बायका तिला अदी म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. मी कॉलेजात असताना ती आणि तिचा नवरा परसूकाका आमच्या पुढच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायला आले. सिंधमधल्या एका लहानशा गावात त्यांचं कापडाचं दुकान होतं. इकडे परसूकाका कॅम्प एकमध्ये दुसऱ्याच्या दुकानात तागे उलगडायचे. त्यांची मुलगी, पूनम, तिकडेच सासरी राहिली होती.

नातेवाइकाच्या लग्नाला म्हणून दोघं आले आणि परत गेले नाहीत. व्हिसाची मुदत संपली, लांब मुदतीच्या व्हिसासाठी अर्ज केला, आणि तो मंजूर होईपर्यंतचे महिने ते कायद्याच्या भाषेत बेकायदेशीर होते. अदी हे लपवायची नाही. कुणी खोचक विचारलंच तर म्हणायची, “हो, तेव्हा मी चोर होते. पण चोरी काय केली, ते अजून कुणी सांगितलं नाही.” तिकडे काय घडलं म्हणून निघालात, असं आईने एकदा विचारलं. अदी तांदूळ निवडत होती. “शटर खाली केलं की परसू आतून दोनदा कुलूप बघायचा. मग उठून परत बघायचा,” एवढं बोलून तिने सुपातले खडे बाजूला केले. त्यापुढे त्या विषयावर ती कधी बोलली नाही.

माझ्या वडिलांना, अप्पांना, बाहेरून आलेल्यांचा मनापासून राग होता. आम्ही आगरी. माझ्या आजोबांची भातशेती लष्कराच्या छावणीसाठी गेली आणि पुढे त्याच बराकींत फाळणीनंतरचे लोक आणून बसवले गेले. अप्पांना हे सगळं ऐकूनच ठाऊक होतं, पण ते सांगायचे असं, की काल नांगर सोडून घरी आलेत. खोल्या भाड्याने द्यायच्या सिंध्यांनाच आणि रागवायचंही त्यांच्यावरच, यात त्यांना काही विसंगत वाटत नसे. एका संध्याकाळी ओट्यावर बसून त्यांनी अदीलाच ऐकवलं, “आमची जमीन गेली तवा आमाला कोनी इचारला नाय. आन आता तुमी येताव, तवापन कोनी इचारीत नाय.”

आई घाबरून आत बघायला लागली. अदी पायरीवर बसली होती. ती शांतपणे म्हणाली, “बरोबर बोलता बाबा. विचारायला पाहिजे होतं.” अप्पांची पुढची वाक्यं तयार होती, ती तोंडातच राहिली. इतक्या वर्षांत त्यांना असं कुणी म्हटलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वांगणीच्या मळ्यातून आणलेली वांगी तिच्या दाराशी ठेवली. संध्याकाळी अदीने कोकी पाठवली, कांदा-मिरची घातलेली त्यांच्याकडची जाड पोळी. अप्पांनी ती चहाबरोबर खाल्ली आणि आईला विचारलं, “ही तुला जमल कं?”

पुढे आईने अदीला तांदळाची भाकरी शिकवली. अदीच्या हाताला ती कधीच गोल जमली नाही. कडा फुटायच्या, मध्येच जाड राहायची. “ही बघ, नकाशा झाला,” असं म्हणून ती स्वतःच हसायची. सुक्या बोंबलाचा वास मात्र तिला शेवटपर्यंत सोसला नाही. आई बोंबील भाजायला घ्यायची तेव्हा अदी नाकाला पदर लावून गच्चीवर जायची, आणि तिथे मोबाईलवर पूनमशी बोलत बसायची. दुपारचं हे बोलणं रोजचं होतं. मायलेकी फारसं काही बोलतही नसत. पूनम तिकडे भांडी घासत असायची, अदी इकडे कपडे वाळत घालत असायची आणि फोन कठड्याला टेकवलेला असायचा.

माझं लग्न ठरलं ते बदलापूरच्या मुलाशी, आणि कार्यालय होतं वांगणीला. अदीने माझ्या हळदीला लाडे, म्हणजे सिंधी लग्नगीतं, म्हटली, माझ्या हातावर मेंदी काढली, साडीच्या निऱ्या घालून दिल्या. लग्नाला मात्र ती येणार नव्हती. परवानगीसाठी अर्ज करता आला असता, पण त्याच सुमारास व्हिसाची मुदत वाढवायची होती आणि त्यात नवं काही घुसवायची तिला भीती वाटत होती. मी रागावले. “एक दिवसाचा प्रश्न आहे अदी. कोण बघतंय?” ती म्हणाली, “कुणी बघत नाही म्हणून तर सांभाळायचं, बेटा. आमच्यासारख्याची एक चूक पुढच्या दहाजणांच्या नावावर लिहितात.”

सकाळी आमची गाडी निघाली. पुलाशी आली तर अदी तिथे उभी. नवी गुलाबी ओढणी, हातात झाकलेलं ताट. अप्पांनी ड्रायव्हरला गाडी थांबवायला लावली आणि स्वतः उतरून दार उघडलं. अदीने मला काचेआडून नाही, नीट समोर उभी करून पाहिलं. ताटातला शिरा माझ्या तोंडात घातला, कपाळाला कपाळ लावलं. मागे गाड्या हॉर्न वाजवत होत्या. अप्पा रस्त्याच्या मध्ये हात आडवा करून उभे राहिले आणि तिचं होईपर्यंत एकालाही पुढे जाऊ दिलं नाही.

बदलापूरला राहायला गेल्यावर मी रविवारी माहेरी यायचे. नंतर नियम सैल झाले, राज्यात फिरायची मोकळीक मिळाली, आणि अदी एकदाची माझ्या घरी आली. बाल्कनीतून बराच वेळ डोंगर बघत राहिली. “इतकं जवळ होतं?” एवढंच म्हणाली.

त्या वर्षांत टीव्हीवर रोज घुसखोरांवर चर्चा चालायच्या. शेजारच्या देशांतून आलेल्या हिंदूंना नागरिकत्व लवकर मिळावं असा कायदा झाला होता, अदीचा अर्ज मीच भरून दिला होता. अप्पा आवाज मोठा करून बसायचे आणि अदीला विचारायचे, “तुला काय वाटतंय? सगल्यांना हाकलाया पायजे ना?” अदी म्हणायची, “सगळ्यांना येऊ द्या, असं मी म्हणत नाही बाबा. घराला दार पाहिजे. पण दाराशी कुणी बसलेलं पाहिजे. हो म्हणा, ना म्हणा, पण लवकर म्हणा. आमची उमर दारात गेली.”

आमच्या मागच्या चाळीत सलमा नावाची बंगाली बाई राहायची. जीन्सच्या कारखान्यात धागे कापायचं काम करायची. आपण सीमेच्या अलीकडच्या, मालद्याच्या, असं ती सांगायची. एका सकाळी पोलिसांनी कारखान्यातल्या बंगाली बोलणाऱ्या सगळ्यांना कागद तपासायला नेलं, त्यात सलमाही गेली. आणि त्याच आठवड्यात अदीच्या अर्जाच्या चौकशीसाठी एक अंमलदार घरी आला. मी मुद्दाम रजा घेऊन आले होते. माणूस सभ्य होता. चहा घेतला, किती वर्षं राहता, कामधंदा काय, हे विचारून लिहून घेतलं. उठता उठता म्हणाला, “मागची ती सलमा बांगलादेशीच ना? तुम्हाला माहीत असेल.”

परसूकाकांनी खाली पाहिलं. अप्पा दारात उभे होते, त्यांनी अदीला मानेनेच खुणावलं, गप्प बस. अदी म्हणाली, “साहेब, ती सांगते मालदा. मी मालदा पाहिलं नाही, बांगलादेशही पाहिला नाही. मी तिला रोज नळावर पाहते. दुसऱ्याचा हंडा सरकवून कधी पाणी भरलं नाही तिने. तेवढंच मला माहीत.”

“तुमच्या स्वतःच्या चौकशीला आलोय, बाई,” तो म्हणाला. आवाजात धमकी नव्हती, आठवण होती.

“म्हणूनच खरं सांगते,” अदी म्हणाली.

तो गेल्यावर अप्पा भडकले. “तुला काय पडलंय तिचा? हां बोल्ली असतीस तं काय बिघडला असता?”

अदीने साहेबाचा रिकामा कप उचलला. “बाबा, तिकडे आमच्या गावातही असंच शेजाऱ्याला विचारायचे,” ती म्हणाली. “आमचा शेजारी हां बोलला.”

सलमाचे कागद गावाहून आले, खरे ठरले, आणि तिला सोडलं. आल्यावर ती आधी अदीकडे गेली. दोघी दार लोटून बसल्या. महिन्याभरात सलमाने खोली सोडली. इथे आता झोप लागत नाही, म्हणाली. अदीने तिला रिक्षात बसवून दिलं आणि त्या दिवशी ती जेवली नाही.

अदीचं नागरिकत्व मंजूर झालं. ठाण्याच्या कचेरीत मी तिच्याबरोबर होते. शपथ घेताना तिचा आवाज खणखणीत होता. प्रमाणपत्र मिळालं, फोटो निघाले, घरी आल्यावर अप्पांनी स्वतः पेढे वाटले. सगळे पांगल्यावर ती गच्चीवर गेली. मी मागून गेले तर फोन कठड्याला टेकवलेला, पडद्यावर पूनम आणि तिच्या मांडीवर तिची लहान मुलगी. अदी सिंधीत काहीतरी सांगत होती. फोन ठेवल्यावर मला म्हणाली, “तिकडचा जुना पासपोर्ट तर जमा केला. आता मुलीकडे जायचं तर मला व्हिसा लागेल. आणि मला कोण देणार?”

मला हे आधीपासून माहीत होतं. तिलाही होतंच. पण अर्ज भरण्याच्या, फेऱ्या मारण्याच्या धांदलीत आम्ही दोघींनी ते शब्दांत आणलं नव्हतं. ती म्हणाली, “इतकी वर्षं इकडची व्हायला रडले. आज झाले, तर तिकडची राहिले नाही. पोर तर तिकडचीच आहे.”

मग पूनमनेच इकडे यायचं ठरवलं. फार खटपटीनंतर तिला आणि मुलीला व्हिसा मिळाला. अदीने नातीसाठी फ्रॉक शिवले, माप फोनवर घेतलेलं. आईकडून तांदळाचं पीठ आणून ठेवलं. दोघी सीमेपर्यंत पोचल्या आणि त्याच दिवसांत दोन्ही देशांत तणाव वाढला. व्हिसे रद्द झाले, फाटक बंद झालं. मायलेकी परत फिरल्या. पूनमने तिथूनच फोन केला. अदी तिला समजावत होती, “रडू नको, मुलीला ऊन लागेल, आधी पाणी पाज.” फोन बंद होईपर्यंत तिचा आवाज जराही हलला नाही. त्यानंतर ती भिंतीकडे तोंड करून झोपली, ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठली नाही.

तिचं हृदय आधीच कमजोर होतं. वर्ष संपायच्या आत ती गेली. घरीच, सकाळी, चहाचा कप हातात असताना. मी बदलापूरहून पोचले तेव्हा तिला अंगणात ठेवलं होतं आणि परसूकाका तिच्या पायाशी बसून कुलूप विसरलं का, कुलूप विसरलं का, असं काहीतरी पुटपुटत होते.

पूनमला शेवटचं दर्शन फोनवरच घडवायचं होतं. मी तिला फोन लावला. अप्पांनी माझ्याकडून फोन घेतला. ते आता ऐंशीच्या घरातले, तरी अंगणापासून स्मशानापर्यंत त्यांनी तो दुसऱ्या कुणाच्या हातात दिला नाही. त्यांना सिंधी येत नाही, पूनमला आगरी कळत नाही. तरी ते तिला सांगत होते, “ही बघ, आई. नीट दिसतेय ना? घाई नाय. बघून घे.” अग्नी दिल्यावर पलीकडून आवाज यायचा बंद झाला, तरी त्यांनी फोन तसाच वर धरून ठेवला होता.

परसूकाका आता दुकानात जात नाहीत. आई त्यांना दोन वेळचं जेवण देते. मी अजूनही रविवारी माहेरी जाते. जेवण झालं की अप्पा ओट्यावर बसतात, मला जवळ बोलावतात आणि विचारतात, “तिच्या पोरीला इकडं आनाया काय करावा लागल? कुठं अर्ज करतात त्याचा?” मी नियम वाचलेत, कचेरीत विचारलंय, ओळखीच्या वकिलाला फोन केलाय. सध्या काहीच करता येत नाही, हे मी त्यांना सांगून झालंय.

ते ऐकतात, मान हलवतात. पुढच्या रविवारी पुन्हा विचारतात. हल्ली मी “बघते, अप्पा” म्हणते, आणि त्यांच्याशेजारी बसून राहते.