गोऱ्याच्या मीटिंगमधलं माझं भाषांतर

त्या मीटिंगमध्ये मी खोटं बोललो. भीतीपोटी, आणि थोडं जळफळाटापोटीही.

आखातात, रुसैलच्या आमच्या कारखान्यात स्टाफच्या बसला एसी होता, कामगारांच्या बसला नव्हता. जूनमध्ये तिच्यात एक वेल्डर बेशुद्ध पडला. सगळे हळहळले आणि विषय खलास झाला. तो धरून बसला एकटा गोरा इंजिनिअर. हुद्दा माझाच, पगार माझ्याहून कितीतरी जास्त.

तरुणपणी तो विलायतेत दुकानांसमोर फलक घेऊन उभा राहायचा. वर्णभेद पाळणाऱ्या दक्षिण आफ्रिकेची संत्री घेऊ नका, म्हणून. "पण सभेत बोलायचो आम्ही गोरेच," त्याने मला सांगितलं होतं. "एकदा एक काळी बाई उठली. म्हणाली, आमचं आम्हाला बोलू दे, तू खुर्च्या मांड."

मी म्हणालो, "तुला काढलं तर तू घरी जाशील. आम्हाला काढलं तर आम्ही घरी जाऊ."

त्याला फरक कळला. तो हसला नाही.

तरी त्या बाईचे शब्द धरून जनरल मॅनेजरसमोर त्याने स्वतः न बोलता मालवणकडच्या एका फिटरला बोलायला सांगितलं. इंग्रजीत सांगायचं काम माझं.

फिटर बराच वेळ बोलला. शेवटी म्हणाला, "भाऊ, सायबांका सांगा, आमी काय ढोरां नाय. उद्या माझी पाळी येतली."

माझा व्हिसा नूतनीकरणाला आला होता, मुलगी दहावीला होती. मी इंग्रजीत म्हणालो, "त्याची तक्रार नाही. या साहेबांनीच मनावर घेतलंय."

"भाऊ, माझा इतक्या बोलणा एवढ्यात झाला?" फिटरने विचारलं.

मी मान हलवली. गोऱ्याने फिटरचा चेहरा पाहिला आणि न राहवून स्वतःच बोलायला लागला. मॅनेजर हसला. "म्हणजे तक्रार तुझीच आहे तर!"

गोऱ्याचा करार वाढला नाही. माझा व्हिसा झाला. त्याचा पत्ता मी कधी विचारला नाही. बस तशीच राहिली.

दोन उन्हाळ्यांनी फिटर कायमचा गावी निघाला, तेव्हा मी त्याच्या कामगार-कॅम्पवर गेलो. तो खोक्याला दोरी बांधत होता.

"येवा भाऊ," तो म्हणाला. "माका इंग्रजी येणा नाय, पण गोऱ्या सायबाचा तोंड वाचूक येता."

म्हणजे त्याला तेव्हाच कळलं होतं. मी दोरीचं दुसरं टोक धरलं आणि म्हणालो, "तू बोललास ते मी सांगितलंच नाही. चुकलो. मला माफ कर."