आत्ताच जेवून गेला

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही. जन्म शाळेत मुलांना सायन्स शिकवण्यात गेला. कोणाच्या अंगात आलं की मी उठून बाहेर जायची. इथे तुम्ही सगळे लिहिता ते अनुभव माझ्या पुतण्याची मुलगी मला वाचून दाखवते, आणि खरं सांगू का... बरेचदा मला हसू येतं. पांढरी साडी, उलटे पाय! माझ्या गोष्टीत तसलं काही नाही. भीती वाटावी असंही काही नाही. सगळं दिवसाढवळ्या घडलं, आणि घडलं म्हणजे काय, तर एक माणूस जेवला. मी सांगतेय आणि ती टाईप करतेय.

बेचाळीसची दिवाळी होऊन गेली होती. माझं सासर इस्लामपूरजवळच्या एका खेड्यात. वाळवा तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. घरी सासू, सासरे आणि मी. माझे मिस्टर, श्रीपती, पलटणीत. लग्नानंतर एकदाच रजेवर आले, मग बोट धरून ब्रह्मदेशात गेले. त्या पावसाळ्यात तार आली – बेपत्ता. मेला असंही नाही, आहे असंही नाही. मी कुंकू लावायचं की पुसायचं, हे घरात कोणी ठरवेना. सासूबाई रोज संध्याकाळी विचारायच्या, "पोरानं काय खाल्लं आसंल गं?" कुठे असेल, कसा असेल, हे त्यांनी कधी विचारलं नाही. खाल्लं काय असेल, एवढंच.

सुगीच्या दिवसांत शेजारच्या गावचा एक शिपाई रजेवर आला. त्याने सांगितलं, ब्रह्मदेशातून आलेल्या जखमींना पाचगणीला आणून ठेवलंय म्हणे, काहींना तर स्वतःचं नाव सांगता येत नाही. बस, सासऱ्यांनी दुसऱ्याच दिवशी निघायचं ठरवलं. मी मराठी सातवी झालेली, म्हणून मला बरोबर घेतलं. "कागुद-बिगुद वाचाय लागला तर तू हाईस," म्हणाले. सासूबाईंनी भाकऱ्या बांधून दिल्या. त्या आमच्यासाठी नव्हत्या, मुलासाठी होत्या. सासरे म्हणाले, "आमी वाटंत जेवू. ही शिदोरी फुटायची न्हाई."

वाटेत कुठे जेवायचं हे सासऱ्यांना पाठ होतं. आमचा गूळ गाडीतून वाईला, कधी वर पाचगणीपर्यंत जायचा आणि बापाबरोबर मुलगाही जायचा. कराडात अमक्याची खानावळ, घाटात म्हातारीचं खोपटं... असं त्यांचं ठरलेलं असे. पण लढाईमुळे सगळं बदललं होतं. तांदूळ दिसत नव्हता, निम्म्या खानावळी बंद, उरलेल्यांत मोजून भाकरी. बसगाड्या कोळशाच्या गॅसवर चालत. मागे भट्टी जोडलेली आणि चढ आला की गाडी धापा टाकायची. त्यात चळवळीमुळे जागोजाग पोलीस गाड्या थांबवायचे.

कराडला उतरलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. खानावळीचा मालक सासऱ्यांच्या ओळखीचा. आम्हाला बघून तो दारातूनच ओरडला, "आवं आबा, म्हागं ऱ्हायलासा व्हय? शिरपा आत्ताच जेवून गेला की!"

शिरपा म्हणजे श्रीपती. सासरे जागच्या जागी थांबले. मग म्हणाले, "चेष्टा करू नगं रं. पोराची तार आलीया."

"चेष्टा कशाची? त्या बाकड्यावर बसला हुता. मी म्हनलं, कवा आलास गड्या? तर मान हलिवली नुसती. लय वाळलाय. जेवला आन् साताऱ्याच्या गाडीला गेला."

सासऱ्यांचे डोळे भरून आले. ते हसायला लागले, मालकाच्या खांद्यावर थापा मारायला लागले. मी मात्र मनात म्हटलं, हा माणूस दिवसभरात किती गिऱ्हाइकं बघत असेल... कोणीतरी दुसरा असणार. आम्ही न जेवताच पुढची गाडी धरली.

साताऱ्यात सासरे स्टँडवर प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत फिरू लागले. स्टँडच्या मागे एक खानावळ उघडी होती. ह्या माणसाने आम्हाला कधी पाहिलेलं नव्हतं. सासऱ्यांनी तोंड उघडलं की ते वर्णन करत बसतील आणि तो होला हो करेल, म्हणून मीच पुढे झाले. एवढंच विचारलं – "कोणी शिपाई जेवून गेला का इथे?"

"गेला की. आत्ताच," तो म्हणाला. "खाकी कोट, पर पाय अनवानी. चिखुल नडगीपतूर. म्या म्हनलं ह्या दिसांत चिखुल कुटला लागला ह्याला? बाई, भुक्याला मानूस लय बघितला, पर ह्यो... वाढंल तसं संपत हुतं. आन् येवडी भूक आसून भाकरीचा पापुद्रा तेवडा काडून ठेवायचा बाजूला. परत्येक भाकरीचा. म्हनलं, ह्यो कुनासाठी ठिवतूयास?"

माझ्या हातातली पिशवी खाली पडली.

तुम्हाला सांगते काय ते. आमच्याकडे बाईने नवऱ्यामागून त्याच्याच पितळीत जेवायचं. मला ज्वारीच्या भाकरीचा वरचा पातळ पापुद्रा फार आवडायचा, हे त्यांना लग्नानंतर कळलं होतं, आणि ते तो न मोडता पितळीच्या कडेला ठेवायचे. सासूबाईंनाही माहीत नव्हतं हे. त्या रजेतल्या थोड्या दिवसांत आमचं दोघांचं असं जे काही झालं, ते एवढंच होतं.

"काय बोलला का?" मी विचारलं.

"म्हनला, आजून घाटात जेवायचं हाय. पसरनीच्या घाटात."

सासरे सारखे म्हणत होते, "पोरी, बघ, गाडी पकडली आसती तर गावला आसता." मिस्टर घर सोडून उलट्या दिशेला का चाललेत, हे त्यांच्या मनात आलंच नाही. माझ्या आलं. पण बोलायची छाती झाली नाही. पापुद्र्याचं ऐकल्यावर मला शंका घ्यायचीच नव्हती. मी वाईपर्यंतच्या गाडीत पहिल्यांदा ठरवलं की भेटल्यावर काय बोलायचं. चुलत नणंदेचं लग्न झालं ते सांगायचं, म्हैस व्याली ते सांगायचं.

वाईला पोहोचलो तर पुढची गाडी सकाळी. घाटाखालच्या धर्मशाळेत अंग टाकलं. सासऱ्यांनी तिथेही घरोघर विचारलं, पण वाईत कोणी मिस्टरांना पाहिलं नव्हतं.

सकाळी पसरणीचा घाट चढताना मध्यावर गाडीने दम टाकला. ड्रायव्हर म्हणाला, "उतरा, भट्टी ढवळाय लागंल." लोक उतरून दगडांवर बसले. सासऱ्यांनी माझा हात धरला आणि जवळजवळ ओढतच वळणावर नेलं. तिथे कड्याला टेकून म्हातारीचं खोपटं होतं. गाडीवान लोक तिच्याकडे जेवायचे. पुढे चूल, वर गवताचं छप्पर, पलीकडे सरळ दरी, खाली कृष्णेचं खोरं, सगळं उन्हात लखलखीत.

म्हातारीला नीट दिसत नव्हतं. तिने डोळ्यांवर हात धरून आमच्याकडे पाहिलं.

"कोन गं?"

"आमी वाळव्याकडलं. गुळाचं गाडीवान," सासरे म्हणाले. "आमचं पोरगं आलं हुतं का, आज्जे?"

"आलं हुतं म्हंजी? हाय की. आत्ता उटलं, हात धुवाय गेलंय म्हागं."

चुलीपुढे पितळी होती. आमटीचा ओघळ अजून ओला होता. कडेला पापुद्रे एकावर एक ठेवलेले. मी वाकून हात लावला, वरचा गरम होता.

मी खोपटाच्या मागे धावले. तिथे एक सपाट दगड आणि पाण्याचा डेरा होता. दगडावर पाणी सांडलेलं, तांब्या अजून हलत होता. आणि ओल्या पावलांचे ठसे, अनवाणी पायांचे. ते दगडावरून पुढे दरीच्या कडेपर्यंत गेले होते. वाट नव्हतीच तिकडे. माझ्या डोळ्यांदेखत ते ठसे उन्हाने सुकत चालले.

आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नसत. मी "अहो" म्हटलं. नुसतंच "अहो... अहो..." दरीत कोण ऐकणार ते? मागून सासरे आले आणि त्यांनी हाक मारली, "शिरपाऽऽ!" समोरच्या डोंगरातून तीच हाक परत आली. मग मीही ओरडले. नाव घेऊन. आयुष्यात पहिल्यांदा, आणि आज हे सांगेपर्यंत शेवटचं. ओरडता ओरडता ठसे गेले. कोरडा दगड राहिला.

गाडीतली माणसं धावत आली. दोघे-तिघे कडेवरून वाकून बघून आले. खाली काही नव्हतं. झुडूपसुद्धा मोडलेलं नव्हतं.

म्हातारी चुलीपुढेच बसून होती. सासऱ्यांनी तिला विचारलं, "जेवला का गं माझा पोरगा? पोट भरलं का त्येचं?"

तिने मान हलवली. "न्हाई रं बाबा. पीट संपलं माजं. म्या म्हनलं, आता काय वाडू? तरी तसाच बसला हुता म्होरं बगत. लय दिसांची भूक ती. आसल्या जेवनानं कुटं जाती?"

सासऱ्यांनी गाठोडं सोडून सासूबाईंच्या भाकऱ्या दगडावर ठेवल्या. पाण्याच्या डेऱ्याजवळ. मग आम्ही गाडीत बसलो.

पाचगणीत सगळीकडे विचारलं. जखमी शिपाई कोणी आणलेच नव्हते. ती नुसती अफवा होती. एका बंगल्याच्या माळ्याने आम्हाला पाणी दिलं आणि म्हणाला, "तुमच्यासारखे बरेच लोक येऊन गेले." परत उतरताना गाडी घाटात थांबली नाही. मी खिडकीतून पाहिलं, म्हातारी दिसली नाही, दगडही दिसला नाही.

घरी आलो तेव्हा सासूबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या. आम्ही दोघेच आलेले त्यांनी पाहिलं. गाठोडं रिकामं आहे हेही पाहिलं. उठल्या नाहीत. सासऱ्यांना एवढंच विचारलं –

"जेवला का?"

"जेवला," सासरे म्हणाले. "पोटभर."

माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. त्या दिवसापासून सासूबाईंनी तो रोजचा प्रश्न विचारायचं सोडून दिलं. सासऱ्यांचं मात्र जेवण तुटलं. घास तोंडापर्यंत न्यायचे आणि परत ठेवायचे. पुढच्या सुगीला ते गेले.

लढाई संपल्यावर मिस्टरांच्या पलटणीतला एक माणूस पलूसकडून भेटायला आला. ब्रह्मदेशातून माघार घेताना ते दोघे बरोबर होते. डोंगरच डोंगर, पाऊस, गुडघाभर चिखल आणि रेशन नाही. पाला खायचे, कातडं उकळायचे. "रातभर आमी एकच बोलायचो, वैनी," तो म्हणाला. "घरला गेल्यावर कुटं कुटं जेवायचं. शिरपतीचं ठरल्यालं आसायचं, गुळाच्या गाडीची वाट. कराड, सातारा, मग पसरनीचा घाट. एक दिस बसला तो उटलाच न्हाई. आमाला थांबता आलं न्हाई." कोणत्या डोंगरात, ते त्याला सांगता येईना. पण तेव्हा पावसाळा नुकताच लागला होता हे नक्की. म्हणजे आम्ही घाटात गेलो त्याच्या कितीतरी आधी.

त्या दिवशी मी कुंकू पुसलं. मग पुण्याला जाऊन मास्तरीण झाले.

डॉक्टर असलेल्या माझ्या भाच्याने सगळं ऐकून सांगितलं – आत्या, तुम्ही दोघं उपाशी, दुःखात. खानावळवाल्यांनी दुसऱ्याच कोणाला पाहिलं. पावलं म्हातारीच्या घरातल्या कोणाची असतील. मी मान्य केलं. मीसुद्धा दुसऱ्या कोणाला हेच सांगितलं असतं. पण साताऱ्याच्या त्या अनोळखी माणसाला पापुद्र्याचं कोणी सांगितलं? आणि म्हातारीच्या घरात दुसरं कोणीच नव्हतं. 

तुमच्यापैकी कोणी लिहील की आत्मा तृप्त होऊन गेला असेल, मनाला लावून घेऊ नका. कृपा करून तसं लिहू नका. म्हातारीने काय सांगितलं ते मी माझ्या कानांनी ऐकलंय. कराडला जेवले, साताऱ्याला जेवले, घाटात तिचं पीठ संपेपर्यंत जेवले... आणि तरी उपाशीच गेले.