आठ लिंबं आणि सासऱ्यांची लाल गाडी

घरी पोचलं ते असं: सासऱ्यांची दोन सीटची जुनी लाल स्पोर्ट्स कार एक, शाबूत. ट्रेलरचं भाडं, ड्रायव्हर-डिझेलसकट, अठरा हजार, टोल वेगळा. लिंबं आठ, चाळीस रुपये. चावी आली नाही.

गाडी जबलपूरला धाकट्या दिरांच्या अंगणात पडून होती. अर्धांगवायू झाल्यापासून आमच्या ह्यांना एकच ध्यास, बाबांच्या गाडीत बसायचं. दीर म्हणाले, "वहिनी, काहून जीव काढून राहिल्या? भंगारवाल्याले देऊन टाकतो. रस्त्यातच खिळखिळी होईल."

"नेणारच," मी म्हटलं.

"धड पोचली तर चावी पाठवीन." आणि चावी खिशात टाकली.

कोणी अशी गाडी आणणार असाल, तर दोरानं ओढू नका, ट्रेलरच करा. हिचं पोट जमिनीपासून चार बोटं, म्हणून चढवताना खाली फळ्या लावल्या. पट्टे टायरांवरून आवळले, पत्र्यावरून नाही. शुभ कामाला चाकाशी लिंबू हवंच, म्हणून आवळण्याआधी मी गाडीच्या चारही चाकांपुढे एकेक खुपसलं. दीर हसले. हसू दिलं.

लखनादौनच्या ढाब्यावर चहाला थांबलो. ड्रायव्हर सुरेशनं पट्टे हलवून पाहिले.

"काकू, लिंबं चेपली, गाडी पुढे सरकली, पट्टे लोंबून राहिले. पुढे कुरईचा घाट आहे. परत फिरू का?"

"काहून गा फिरायचं? दिराले हसायले? रामाचं नाव घे अन् लाकडाचे गुटके शोध."

ढाब्याच्या सरपणातले गुटके चाकांना लावले, पट्टे पुन्हा आवळले. मग नवी चार लिंबं घेतली आणि ह्या खेपेस ट्रेलरच्या चाकांखाली ठेवून चिरडली. श्रद्धा चुकली नव्हती, जागा चुकली होती.

घाट बैलगाडीच्या चालीनं उतरलो. मागचे ट्रक भोंगे मारत होते, मारोत. खवाशाला घरची पोळी-भाजी खाल्ली. प्रत्येक थांब्यावर पट्टे तपासले. मनसरला रामटेकच्या गडाकडे हात जोडले.

महाल भागातल्या आमच्या गल्लीत शेजाऱ्यांनी ह्यांना उचलून गाडीत बसवलं. चांगला हात स्टिअरिंगवर ठेवून ह्यांनी तोंडानंच भोंगा वाजवला. आधी मी रडले, मग पदर खोचून पत्रा पुसायला घेतला.

भाऊजी, हे मासिक तुम्ही वाचता, मले ठाऊक आहे. गाडीवर एक ओरखडा नाही, येऊन बघा. हे रोज सकाळी तिच्यात बसून चावीची वाट पाहतात. कधी पाठवता, ते उलट टपाली कळवा. टपालखर्च तुमचा.